गेलेल्यांची यादी, उरलेल्यांची टीम

मार्च म्हणजे आमच्या ऑफिसात केकचा महिना. वाढदिवसांचे केक नव्हेत, सेंड-ऑफचे. अप्रेझलचं पत्र हातात पडायच्या आधीच ज्यांना दुसरीकडचं पत्र मिळालेलं असतं, ते एकेक जण हसतमुखाने केक कापतात, ‘टचमध्ये राहू रे’ म्हणतात, लॅपटॉप जमा करतात आणि निघून जातात. मागे उरतो अर्धा केक आणि आपण.

या खेपेला आमच्या टीमच्या तीन विकेट पडल्या. त्यातली एक तर साक्षात टीम लीडची. तिसऱ्या सेंड-ऑफच्या दुसऱ्या दिवशी बॉसने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं, दिवे मालवले आणि पडद्यावर ‘मनीबॉल’चा एक तुकडा लावला. तोच तो, ब्रॅड पिटचा, २०११चा सिनेमा. गरीब बेसबॉल टीम, तीन स्टार सोडून जातात, जनरल मॅनेजर एका आकडेबाज पोराला हाताशी धरतो, इतरांनी नाकारलेले स्वस्तातले खेळाडू गोळा करतो आणि लागोपाठ वीस मॅच जिंकतो. दिवे लागले. बॉस म्हणाला, ‘‘बघितलंत? तीन गेले म्हणून कुणाचं काही अडत नाही. आपणही हेच करायचं.’’

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? ‘हेच करायचं’चा अर्थ दुपारच्या मेलमध्ये कळला. तीनपैकी एकच जागा भरणार, बाकीचं काम आपसात वाटून घ्यायचं.

त्या रात्री मी एक उद्योग केला. सिनेमा बाजूला ठेवला आणि ओकलंड ॲथलेटिक्स या टीमची २००२च्या सीझनच्या तोंडावरची खेळाडूंची यादी काढून बसलो. कोण गेलं, कोण आलं आणि (हे सिनेमात फारसं नाही) कोण होतंच. बॉसने सिनेमा दाखवला होता. मला हिशोब बघायचा होता.

शेजारी श्रीमंत, आपण भाड्याच्या घरात

आधी सीन समजून घ्या. २००१च्या सीझनमध्ये ओकलंडने १६२पैकी १०२ मॅच जिंकल्या होत्या. मग बाद फेरीत न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध पाचपैकी पहिल्या दोन मॅच जिंकल्या आणि पुढच्या तिन्ही हरल्या. संपला विषय. वर हिवाळ्यात तीन मोठे खेळाडू करार संपून मोकळे झाले.

आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूंवर किती पैसे खर्चायचे, याची मर्यादा सगळ्या टीमना सारखीच असते. अमेरिकन बेसबॉलमध्ये तसं नाही. ज्याच्याकडे जितके, तितके तो उधळतो. २००२मध्ये ओकलंडचा खेळाडूंवरचा पगारखर्च होता सुमारे ४ कोटी डॉलर आणि यँकीजचा साडेबारा कोटींच्या आसपास. म्हणजे तिप्पट! एकाच लीगमध्ये, एकाच कपासाठी.

त्यामुळे गळती लागली तेव्हा ओकलंडला कुणाला थांबवणं परवडणार नव्हतं. जेसन जियाम्बीला यँकीजने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. जॉनी डेमन चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांवर बॉस्टनला गेला. शेवटच्या ओव्हर टाकायला यावा तसा मॅचच्या शेवटी येणारा पिचर जेसन इसरिंगहाउझन चार वर्षांच्या २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला. तीन सेंड-ऑफ, एकाच हिवाळ्यात.

बेसबॉल, चहा संपेपर्यंत

पुढचं कळायला खेळातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. वनडेत चेंडू संपतात, बेसबॉलमध्ये ‘आऊट’ संपतात. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आऊट, एकूण २७. ते संपले की बॅटिंग संपली. तेव्हा बॅटिंग करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे आऊट न होता पहिल्या बेसवर पोचणं. फटका मारून पोचा, किंवा पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकले तर फुकटात चालत जा. यालाच म्हणतात ‘वॉक’. आपल्याकडे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याला जशी कुणी शिट्टी मारत नाही, तसं तिकडेही वॉक घेणाऱ्याचं कुणाला कौतुक नव्हतं. बॅटिंगच्या जुन्या सरासरीत तर वॉक धरतच नाहीत.

ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा हार्वर्डमध्ये इकॉनॉमिक्स शिकलेला सहकारी पॉल डीपोडेस्टा यांचा फंडा इथे होता. बाजार ज्याला भाव देत नाही, पण ज्याने मॅच जिंकता येतात, ते विकत घ्या. कल्पना त्यांच्याही आधीची. बिल जेम्स नावाचा कॅन्सासमधला गृहस्थ डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता. तो हे आकडे मांडत बसायचा आणि १९७७पासून स्वतःच छापून विकायचा. बरीच वर्षं बेसबॉलच्या मोठ्या साहेबांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. २००२च्या अखेरीस बॉस्टनने त्याला नोकरीवर घेतलं.

आता गेलेल्या तिघांकडे या चष्म्यातून बघा. जियाम्बी २००१मध्ये शंभरदा बॅटिंगला आला की ४७-४८ वेळा बेसवर पोचत होता. अचाट! वर ३८ होमरन. हा माणूस खरोखर स्टार होता. पण डेमन? शंभरात ३२. लीगच्या सरासरीपेक्षाही किंचित कमी. पळण्यात वाघ, फील्डिंग झकास, चाहत्यांचा लाडका, पण त्या सीझनचं बॅटिंग नावाला शोभणारं नव्हतं. तिसरा इसरिंगहाउझन. शेवटच्या इनिंगमध्ये येऊन हातातली मॅच राखायची, हे काम दिसतं फार मोठं, पण ते करू शकणारे बाजारात आणखीही असतात, असं बीनचं गणित.

थोडक्यात, एकाच हिवाळ्यात गेलेले तीन जण म्हणजे तीन सारखे खड्डे नव्हते. एक विहीर होती, एक खड्डा आणि एक बऱ्यापैकी भरता येण्याजोगा.

नवे भिडू

मग कोण आलं?

स्कॉट हॅटेबर्ग. वय ३२, आयुष्यभर कॅचर. कोपराच्या शिरेला इजा झाली आणि कॅचरसारखं फेकणं संपलं. बॉस्टनने त्याला सोडलं, पुढच्या टीमनेही ठेवून घेतलं नाही. ओकलंडने त्याला वर्षाला १० लाख डॉलरपेक्षाही कमी पैशांत उचललं आणि सांगितलं, फर्स्ट बेसवर उभा राहा. तिथे तो कधीच खेळला नव्हता. रॉन वॉशिंग्टन नावाच्या कोचने त्याला अक्षरशः पहिलीपासून शिकवलं. का घेतलं त्याला? चेंडू सोडायची अक्कल होती म्हणून.

डेव्हिड जस्टिस. एकेकाळचा मोठा स्टार, पण वय ३६ला टेकलेलं. पाय थकले होते, नजर नव्हती थकली. त्यालाही वॉक घेता यायचा.

बिली कॉक. इसरिंगहाउझनच्या जागी टोरोंटोकडून आणलेला, तुफान वेगाने फेकणारा पिचर. त्याच्या बदल्यात एरिक हिन्स्की नावाचा नवखा पोरगा द्यावा लागला. तो पोरगा त्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. स्वस्तातल्या सौद्याचीही किंमत असते, ती अशी.

कार्लोस पेन्या. टेक्ससकडून आणलेला तरुण फर्स्ट बेसमन, जियाम्बीचा खरा वारस म्हणून. सीझन सुरू झाला तेव्हा ती जागा हॅटेबर्गची नव्हती, याची होती.

सिनेमात पाणबुडीसारखा खालून हात काढून चेंडू फेकणारा चॅड ब्रॅडफोर्डही नवा भिडू वाटतो. प्रत्यक्षात तो २००१मध्येच ओकलंडकडे होता. जेसनचा धाकटा भाऊ जेरेमी जियाम्बी तर २०००पासून. सिनेमाने त्यांना ‘नवीन जॉइनिंग’मध्ये बसवलं, कारण गोष्ट तशी जास्त छान दिसते.

पोस्टरवर नसलेले

मंडळी, आता मुद्द्याकडे. यादीचा तिसरा रकाना. कोण होतंच?

टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो. तीन पिचर, तिघेही विशीतले. क्रिकेटमध्ये बॉलर दर मॅच खेळतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी येतो, म्हणजे पाचातले तीन दिवस ओकलंडच्या हातात या तिघांपैकी कुणीतरी असायचा. २००१मध्ये तिघांच्या नावावर मिळून ५६ विजय होते. २००२मध्ये ५७. त्यात झिटोचे एकट्याचे २३ आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार.

मिगेल तेहादा. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या गरीब घरातला मुलगा, १९९३मध्ये अवघ्या २,००० डॉलरच्या बोनसवर घेतलेला. २००२मध्ये ३४ होमरन आणि लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. म्हणजे त्या सीझनमधला सर्वोत्तम पिचरही ओकलंडचा आणि सर्वोत्तम खेळाडूही ओकलंडचाच! सोबत तिसऱ्या बेसवर एरिक चावेझ, त्याचेही ३४ होमरन.

ही सगळी मंडळी ‘नाकारलेली’ कशी म्हणायची? १९९७मध्ये टीम सपाटून हरली होती, म्हणून १९९८च्या निवडीत दुसरा नंबर मिळाला आणि मल्डर आला. झिटो १९९९ला नवव्या नंबरवर, चावेझ १९९६ला दहाव्या नंबरवर निवडलेला. टॅलेंट आधीच ओळखलेलं, वर्षानुवर्षं घडवलेलं.

मग हे स्वस्त कसे? इथे तो नियम येतो, ज्याबद्दल बॉस लोक बोलत नाहीत. अमेरिकन बेसबॉलमध्ये मोठ्या लीगमधली साधारण सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूला मोकळेपणाने दुसरी टीम निवडता येत नाही. त्यातली पहिली तीनेक वर्षं तर पगार जवळपास टीम म्हणेल तोच, त्यानंतर लवाद. आपल्याकडच्या भाषेत, बॉन्ड. २००२मध्ये लीगमधला किमान पगार २ लाख डॉलर होता आणि लीगमधला सर्वोत्तम पिचर झिटो त्या वर्षी ५ लाखांच्याही आत खेळला. जियाम्बीला नव्या करारात वर्षाकाठी सरासरी १ कोटी ७० लाख पडत होते, म्हणजे बघा.

म्हणजे ओकलंडची टीम स्वस्त होती याचं एक कारण हॅटेबर्ग. त्याहून मोठं कारण, सर्वोत्तम लोक बॉन्डमध्ये होते.

वीसचा झटका

सीझन सुरू झाला आणि मे महिन्यात चित्र वाईट होतं. जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या मॅच जास्त. पेन्याची बॅट गप्प झाली, त्याला ज्युनियर टीममध्ये पाठवलं. जेरेमी जियाम्बीला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फर्स्ट बेस आता हॅटेबर्गचा. जुलैमध्ये पेन्यालाही दुसरीकडे दिलं आणि त्या सौद्यात पिचर टेड लिली आला. शिकागोकडून रे डरॅम आणि क्लीव्हलंडकडून रिकार्डो रिनकॉनही आले. एप्रिलमध्ये काढलेली यादी जुलैपर्यंत टिकली नाही आणि टिकवायचा हट्टही कुणी धरला नाही. हे मात्र बॉसलोकांनी शिकण्यासारखं!

१३ ऑगस्टपासून टीम जिंकत सुटली. ४ सप्टेंबरला विसावी मॅच, समोर कॅन्सास सिटी. घरच्या मैदानावर ५५ हजारांहून जास्त लोक. ओकलंड ११-० पुढे. मग सगळं ढासळत गेलं आणि स्कोअर ११-११! शेवटच्या इनिंगमध्ये एरिक बर्न्सच्या जागी बॅटिंगला बदली म्हणून आला हॅटेबर्ग. तोच, ज्याचा हात गेला होता. होमरन. १२-११. अमेरिकन लीगचा लागोपाठ विजयांचा हा विक्रम पुढे क्लीव्हलंडने २०१७मध्ये २२ विजयांसह मोडला.

सीझन संपला तेव्हा ओकलंडचे विजय १०३. यँकीजचेही १०३. एक तृतीयांश पैशांत बरोबरी. इथपर्यंत बॉसचं शंभर टक्के बरोबर.

पण आता हा हिशोब बघा. २००१मध्ये, जियाम्बी असताना, ओकलंडने ८८४ रन काढले होते. २००२मध्ये ८००. चौऱ्याऐंशी रन कमी! हॅटेबर्ग शंभरात ३७ वेळा बेसवर पोचला, जस्टिसही जवळपास तितकाच. दोघांनी दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट काम केलं. तरीही जियाम्बीची विहीर भरली नाही. तो तिकडे न्यूयॉर्कमध्ये ४१ होमरन मारत होता. ओकलंडने दिलेले रन मात्र दोन्ही वर्षं साधारण सारखेच, ६४५ आणि ६५४. म्हणजे पिचर मंडळींनी भिंत धरून ठेवली आणि अटीतटीच्या मॅचमध्ये थोडी नशिबाची साथ मिळाली. नव्या भिडूंनी खड्डा उथळ केला आणि उरलेल्यांनी टीमला त्यात पडू दिलं नाही.

बाद फेरीत पुन्हा तेच. मिनेसोटाविरुद्ध पाचव्या मॅचमध्ये घरी. २०००, २००१, २००२, २००३. चारही वर्षं पहिल्याच बाद फेरीत, चारही वेळा पाचव्या मॅचमध्ये ओकलंड बाहेर. २००२चा कप जिंकला तो त्यांच्याच गटातल्या अनाहाइम एंजल्सने.

आणि मग उरलेलेही गेले

सिनेमा इथेच कुठेतरी संपतो. यादी संपत नाही. २००३नंतर तेहादाची मुदत भरली, तो सहा वर्षांच्या ७ कोटी २० लाखांवर बाल्टिमोरला गेला. २००४च्या डिसेंबरमध्ये हडसन आणि मल्डरला ओकलंडनेच दुसऱ्या टीमना देऊन टाकलं. २००६नंतर झिटो गेला, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोला, सात वर्षांच्या १२ कोटी ६० लाखांवर. म्हणजे ज्याने जियाम्बीनंतर टीम सावरली, तो जियाम्बीपेक्षाही महाग होऊन गेला.

ओकलंडची अक्कल मात्र सगळ्यांनी उचलली. बिल जेम्स ज्यांच्या पगारावर होता त्या बॉस्टनने २००४मध्ये कप जिंकला, १९१८नंतर पहिल्यांदा. सेंटर फील्डला कोण? जॉनी डेमन. श्रीमंतांनीही आकडे शिकले की गरिबाकडे नुसती गरिबी उरते.

शेवटी टीमच गेली. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली. साडेशेहेचाळीस हजारांवर लोक आले, टीम ३-२ने जिंकली आणि लोक रडत घरी गेले. २०२५पासून टीम सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर खेळू लागली, लास वेगासचं नवं स्टेडियम होईपर्यंत. नावातून ओकलंड काढलं, फक्त ‘ॲथलेटिक्स’ ठेवलं.

तर आमचं ऑफिस

हे सगळं मी का उगाळत बसलो, ते आता सांगतो. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी जेवायला आमची ज्युनियर माझ्यासमोर बसली. दोन वर्षं झालीत तिला. क्लायंटचा फोन रात्री आला की उचलते ती, टीम लीड सुट्टीवर असताना रिलीज काढला तो तिने, आणि तिच्या पगाराचा आकडा ऐकलात तर डबा खाली ठेवाल. म्हणाली, ‘‘तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस. बॉन्ड मेमध्ये संपतोय. दुसरीकडून ऑफर आलीये.’’

तिकडे बॉस तीन गेलेल्यांच्या जागी हॅटेबर्ग शोधत होता. इकडे झिटो माझ्यासमोर बसून भेंडीची भाजी खात होता.

तिचं मी कुणाला सांगितलं नाही. दिलेला शब्द. पण संध्याकाळी एक कागद घेऊन बॉसच्या केबिनमध्ये गेलो. तीन रकाने. गेले, आले, आहेत. डावीकडे ओकलंड २००२, उजवीकडे आम्ही. आमच्या बाजूला ‘आले’ खाली नुसतं प्रश्नचिन्ह होतं. ‘आहेत’ खाली पाच नावं, प्रत्येकासमोर तो करत असलेलं काम आणि बॉन्ड संपायचा महिना. माझंही नाव होतं, दुसऱ्या नंबरवर. पहिल्यावर तिचं.

बॉसने कागद पाहिला. आधी हसला. ‘‘अरे, सिनेमा मोटिव्हेशनसाठी होता रे.’’

‘‘माहितीये सर. म्हणूनच पुढचा भाग घेऊन आलो.’’

मग तो हसायचा थांबला. बोट ‘मे’वर ठेवलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. ‘‘हिचं हाइकचं पत्र निघालंय का, बघतो,’’ म्हणाला, आणि फोन उचलला.

निघालं का? हे लिहीपर्यंत तरी नाही. अजून मे उजाडायचाय.

तुमच्याही ऑफिसात केक कापून झाले असतील. गेलेल्यांच्या खुर्च्या बघत हळहळायला सगळेच तयार असतात. या आठवड्यात जरा भरलेल्या खुर्च्या मोजा. तुम्ही बॉस असाल तर त्यांच्यासमोर महिने लिहा. आणि त्यातली एक खुर्ची तुमची असेल, तर तुमचा मे कधी आहे, तेही बघून ठेवा.